इंग्रजी 'नाइफ'मधला (knife) के आणि 'डेट'मधला (debt) बी उच्चारायचाच नाही, तर लिहितात कशाला?

दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

'नाइफ'मधला के खरा आहे. जुन्या इंग्रजीत तो उच्चारला जायचा, साधारण 'क्नीफ' असा. सतराव्या शतकाच्या आसपास तो जिभेवरून गळला, कागदावर मात्र राहिला. जर्मन माणूस गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतो. इंग्रज 'नी' म्हणतो आणि के मुकाट्याने लिहितो. रात्रीच्या 'नाइट'मधल्या जीएचचंही तेच. तिथे पूर्वी घशातून 'ख'सारखा खरखरीत आवाज निघायचा.

यात छपाईचाही हात आहे. विल्यम कॅक्स्टन या इंग्रज मुद्रकाने १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. पुढे स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि नेमके त्याच काळात दीर्घ स्वरांचे उच्चार झपाट्याने बदलत होते.

कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला बी मात्र चक्क घुसवलेला. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो नव्हता. लॅटिन 'डेबिटुम'शी नातं दिसावं म्हणून पंडितांनी नंतर घातला. हौस म्हणायची, दुसरं काय! 'आयलंड'मधल्या एसची तर आणखी गंमत: तो लॅटिन 'इन्सुला'कडे बघून आला, पण मूळ शब्द अस्सल इंग्रजी, त्याचा 'इन्सुला'शी काडीचा संबंध नाही.

पाठांतरासाठी एवढं धरा: अस्सल इंग्रजी शब्दाची सुरुवात केएनने झाली की के मुका. जीएचला मात्र असा नियम नाही. 'टफ' (tough), 'दो' (though) आणि 'थ्रू' (through) वेगवेगळेच पाठ करावे लागतात.