जुना डेटा तसाच ठेवून लिनक्ससाठी जागा कशी काढावी?

प्रश्न : माझ्या संगणकाच्या १ टीबी डिस्कवर सी हे एकच मोठे पार्टिशन (डिस्कचा विभाग) असून त्यातच विंडोज, छायाचित्रे आणि कागदपत्रे आहेत. निम्म्याहून अधिक जागा रिकामी असूनही विंडोजमधले डिस्क मॅनेजमेंट अगदी थोडीच जागा मोकळी करायला तयार होते. डेटा न गमावता लिनक्स बसवता येईल का?

उत्तर : येईल; मात्र आधी सर्व डेटाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कवर दुसरे पार्टिशन करून तिथे ठेवलेली प्रत उपयोगाची नाही, कारण पार्टिशन टेबल (विभागांची नोंद) बिघडले तर दोन्ही एकदमच हाताबाहेर जातात.

जागा कमी मिळते, याचे कारण असे, की विंडोज पार्टिशन शेवटाकडून आखडत आणते आणि वाटेत न हलवता येणारी फाइल आली, की तिथेच थांबते. हायबरनेशनची (चालू स्थिती डिस्कवर साठवून संगणक बंद करण्याची) फाइल, पेजफाइल (मेमरीला पूरक म्हणून वापरली जाणारी फाइल) आणि रिस्टोअर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीत नेण्यासाठीच्या नोंदी) हे यातले नेहमीचे अडथळे. हे तिन्ही बंद करून संगणक पुन्हा सुरू करा आणि मग डिस्क मॅनेजमेंटमधला श्रिंक व्हॉल्यूम हा पर्याय वापरा. जुने रिस्टोअर पॉइंट यात पुसले जातात, हे ध्यानात असू द्या. नंतर पेजफाइल पुन्हा चालू करा, पण हायबरनेशन बंदच ठेवावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यासोबत फास्ट स्टार्टअपही (विंडोज लवकर सुरू करणारे तंत्र) बंद होते, आणि ते चालू असताना शटडाउननंतरही विंडोज सी पार्टिशन अर्धवट उघडे ठेवत असल्याने लिनक्समधून तिथे काही लिहिल्यास फाइली बिघडू शकतात.

नव्या संगणकांत बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारे विंडोजचे तंत्र) आपल्या नकळत चालू असू शकते. तसे असल्यास रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा क्रमांक) आधीच दुसरीकडे उतरवून ठेवा.

मोकळी झालेली जागा विंडोजमधून फॉरमॅट करू नका. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारासाठी किमान २५ जीबी सांगितले जाते; नेहमीच्या वापरासाठी मी ५० तरी ठेवीन. इन्स्टॉलरमध्ये संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय टाळून मोकळ्या जागेत ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल-रचना) पार्टिशन करा. ईएफआय पार्टिशन वापरायचे, पण फॉरमॅट करायचे नाही, कारण विंडोज सुरू करणारा बूटलोडर तिथेच असतो. शेवटी इन्स्टॉलर होणाऱ्या बदलांची यादी दाखवतो. तिच्यात एनटीएफएस (म्हणजे विंडोजचे) पार्टिशन फॉरमॅट होणार असे दिसले, तर संमती न देता मागे फिरा.