पटावरून नाव काढण्याआधी

प्रिय मुली,

तू बंजारा तांड्यावरच्या शाळेत शिकवतेस. 'तांड्यावरच्या आईबापांना शाळेची किंमतच नाही' हे तुझ्या पत्रातलं वाक्य मी दोनदा वाचलं. राग आला, कारण तुझ्या वयाचा असताना मीही हेच बोलायचो.

किंमत नाही म्हणू नकोस. दसरा झाला की बीडमधून जोडपीच्या जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली. बाईला मागं राहता येत नाही, म्हणून पोरंही उसाच्या फडावर जातात आणि थोरली मुलगी झोपडीवजा कोपीत धाकट्याला सांभाळते. १८८२ साली महात्मा फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला लिहून दिलं होतं, की गरिबाची पोरं गुरं राखायला, शेत बघायला लागतात. म्हणून त्यांनी शिष्यवृत्त्या मागितल्या, बक्षिसं मागितली, बारा वर्षांपर्यंत सक्तीही मागितली. आणि तू एका ओळीत निकाल लावलास!

माझ्याकडे तिसरीत अशीच एक मुलगी होती. दिवाळीनंतर दिसली नाही, तेव्हा मी तिचं नाव काढलं. पट तपासायला साहेब येणार होते, दोन वर्ग माझ्या एकट्यावर होते. मी तरी काय करणार होतो? चैत्रात बाप तिला घेऊन आला. गाठोड्यातून त्यानं फडक्यात बांधलेली पाटी काढली. तिच्यावर माझ्याच हातचा साताचा पाढा, कडेला फिसकटलेला. पाच महिने त्यानं तो पुसू दिला नव्हता. "गुरुजी, आता म्होरचा द्या," म्हणाला. मी म्हटलं, नाव काढलंय, जूनमध्ये या.

जूनमध्ये ती आली नाही.

किंमत कुणाला नव्हती, सांग.

तुझ्या हातात माझ्यापेक्षा जास्त आहे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदाच आहे: वयाप्रमाणे वर्ग द्यायचा, दाखल्यासाठी अडवायचं नाही. आणि तुझ्या वर्गातलं ते पहिलीतलं पोर घरात आईला 'याडी' म्हणतं, पुस्तकात त्याला 'आई' भेटते, म्हणून गप्प बसतं. त्याच्यापुढे 'मंद' लिहिलंयस, ते आधी खोड.

दसऱ्याआधी तांड्यावर जा. कोण कुठल्या कारखान्याला चाललंय, कुणाची आजी नातवंडं ठेवून घेईल, हंगामी वसतिगृहात कोण राहील, घरोघर विचार. जे पोर निघालंच, त्याला शिक्षण हमी कार्ड दे, म्हणजे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येईल. पाटीवर पुढचा पाढा स्वतःच्या हातानं लिहून दे. परतलं की त्याच दिवशी वर्गात बसव.

तुझे गुरुजी