गोळी चुकवत नाहीस, पण घेतेस चहाबरोबर

'पाचवा महिना चालू आहे. धाप लागते म्हणून सासूबाई फिरायला जाऊ देत नाहीत. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी मी चुकवत नाही, सकाळच्या चहाबरोबर दोन्ही घेऊन टाकते. हिमोग्लोबिन ९.२ आहे. सासूबाईंना कसं समजावू?'

त्यांना काही समजावू नकोस. धाप त्यांना दिसली, तू मात्र ती पत्रात एका ओळीत उडवून लावलीस. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. तुझं ९.२ आहे, मग जिना चढताना दम लागणारच.

आणि ते वाढणार कसं? चहातलं टॅनिन लोहाला आतड्यातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. कॅल्शियमही लोहाच्या वाटेत येतं. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, ते तू रोज सकाळी बरंचसं वाया घालवतेस. डॉक्टरांना तू 'गोळ्या घेते' एवढंच सांगितलं असणार. कशाबरोबर घेतेस, तेही सांग. नाहीतर गोळी लागू पडत नाही असं समजून ते औषध बदलतील.

आजपासून लोहाची गोळी रात्री, जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर घे. रात्रीचं दूध संध्याकाळी पाचला घे, झोपताना नको. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर. चहा आणि लोह यांत दोन तासांचं अंतर हवंच. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. खडा झाला तर पाणी वाढव, पेरू खा, पण गोळी सोडू नकोस. जेवणात मोड आलेल्या मटकीची उसळ ठेव, वर लिंबू पिळ. नुसत्या बिटाच्या रसावर हे भरून निघत नाही, कोणी कितीही सांगो.

फिरण्याचं डॉक्टरांना विचार. ते हो म्हणाले की सपाट रस्त्यावर दहा मिनिटांपासून सुरुवात कर. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी कर. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत जा. चक्कर आली, छातीत दुखलं, रक्त किंवा पाणी गेलं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, तर तिथेच थांब आणि दवाखाना गाठ. बसल्या जागी धाप लागली तरी त्याच दिवशी जा.

सासूबाईंना सोबत घेऊनच चाल. महिन्याने रक्त पुन्हा तपास, आणि आकडा हलला नसेल तर डॉक्टरांना इंजेक्शनने लोह देण्याबद्दल स्पष्ट विचार.