पाचशे लिंका चार हजारांत

प्रश्न : माझे सासरे चाळीस वर्षांपासून नागपुरातल्या महाल भागात तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोरांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी करतात. दिवाळीनंतर मी त्यांची वेबसाइट सुरू केली. फोटो आहेत, भाव लिहिलेत, पैसे भरायची सोय आहे. पण गुगलवर ‘लाकडी नंदी नागपूर’ टाकलं तर आम्ही तिसऱ्या पानावरही नाही. वेबसाइट करून देणारा मुलगा म्हणतो, बॅकलिंका नाहीत म्हणून. परवा एका कंपनीचा फोन आला : चार हजारांत पाचशे लिंका, सगळ्या ‘हाय डीए’च्या. घ्याव्यात का?
– एक सूनबाई, महाल

उत्तर : सूनबाई, त्या चार हजारांचं सागवान आणा.

मुलगा खोटं बोलत नाही. दुसऱ्या वेबसाइटींवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका गुगल बघतं, आणि तुमच्याकडे त्या नाहीत. गुगलचा जन्मच या कल्पनेतून झाला. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी मांडलं की, संशोधनाच्या लेखाला जसे इतर संशोधक संदर्भ देतात तशा वेबपानाला मिळालेल्या लिंका मोजाव्यात. पण सगळ्या सारख्या मोजायच्या नाहीत. ज्याला स्वतःला वजन आहे, त्याच्या लिंकेला वजन.

आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. वेबसाइटला मराठीत संकेतस्थळ म्हणतात. तुम्ही फक्त ‘स्थळ’ धरा. मुलीसाठी स्थळ आलं की त्याच्या बायोडाट्यावर कोण विसंबतं? आपण मुलाच्या शेजाऱ्याला विचारतो, त्याच्या ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावतो. त्यातला एक जण ‘डोळे मिटून द्या’ म्हणाला की काम झालं. आणि ज्यांनी मुलाला कधी पाहिलंच नाही असे पाचशे लोक दारात येऊन ‘पोरगा चांगला, पोरगा चांगला’ म्हणू लागले, तर आपण काय समजू? तेच गुगल समजतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नागपुरात बर्डीवर माझी एका खोलीची कचेरी होती तेव्हा लग्नाच्या जेवणावळी करणारे एक गिऱ्हाईक माझ्याकडे होते. त्यांच्यासाठी मी तीनशे लिंका विकत घेतल्या, सगळ्यांवर एकच शब्द : ‘नागपूर केटरर’. चार महिने आम्ही पहिल्या पानावर होतो आणि मी कॉलर ताठ करून फिरत होतो. एप्रिल २०१२मध्ये गुगलने असल्या बनावट लिंका पकडणारा ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला आणि ऐन लगनसराईत त्यांची साइट दिसेनाशी झाली. ‘काहून असं झालं जी?’ एवढंच त्यांनी विचारलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग तीनशे ठिकाणी ‘लिंक काढा’ म्हणून पत्रं लिहिली, दहा-बारा जणांनी उत्तर दिलं. नको असलेल्या लिंका नाकारायची सोय गुगलने ऑक्टोबरात दिली, तिचाही अर्ज भरला. पण त्या काळी पेंग्विनची पुढची फेरी येईपर्यंत सुटका नसायची. तो सतत चालणारा झाला २०१६मध्ये. आता बहुतेक वेळा गुगल अशा लिंका नुसत्या दुर्लक्षित करतं, म्हणजे चार हजार पाण्यात. क्वचित माणसाकरवी तपासून शिक्षाही देतं, म्हणजे चार हजार आणि साइट दोन्ही.

आणि ते ‘डीए’ म्हणजे डोमेन अथॉरिटी, साइटीच्या वजनाचा अंदाज. तो आकडा मॉझ नावाच्या कंपनीचा आहे, गुगलचा नाही. फोनवरचा माणूस हे सांगणार नाही.

मग लिंका आणायच्या कुठून? आधी सासऱ्यांना ओळखणाऱ्यांकडून. एक वही घ्या आणि त्यांच्याजवळ बसा. कोणत्या शाळा नंदी सजावट स्पर्धेसाठी त्यांच्याकडून बैल नेतात? त्या शाळेच्या वेबसाइटवर स्पर्धेचे फोटो असतील; मुख्याध्यापिकाबाईंना म्हणा, फोटोखाली ‘नंदी यांचे’ म्हणून आमचा पत्ता टाकाल का. शोभेच्या वस्तू विकणारं कोणी दुकान तुमचा माल ठेवत असेल तर त्यांना सांगा. दर पोळ्याला वर्तमानपत्रांत नंदीबाजाराची बातमी येते आणि बहुधा सासऱ्यांचा फोटोही येतो. त्या बातम्या नेटवर शोधा. नाव असेल पण लिंक नसेल तिथे बातमीदाराला दोन ओळींचं नम्र पत्र लिहा. अर्धे जण उत्तर देणार नाहीत. राग धरू नका, पुढच्या पोळ्याला त्याच बातमीदाराला पुन्हा बैल हवा असतो.

लिंक देणाऱ्याला ‘अमुकच शब्द लिहा’ असं मात्र सांगू नका. माझे तीनशे एकसारखे शब्द आठवा. कोणी ‘महालातले काका’ लिहील, कोणी नुसतं दुकानाचं नाव, तेच बरं.

पण ओळखी पन्नासच्या पुढे जात नाहीत. अनोळखी माणसाने लिंक द्यावी असं काही तुमच्या साइटवर हवं, आणि नुसत्या भावफलकाला कोणी लिंक देत नाही. सूनबाई, तुमच्या घरात खजिना आहे! विदर्भाबाहेर तान्हा पोळा कुणाला ठाऊक नाही. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांवरचे नंदी ओढत घरोघर का जातात, बोजारा म्हणजे काय, हे पुण्यात नोकरीला गेलेल्या आपल्याच मुलींना तिथल्या शेजारणींना समजावून सांगावं लागतं. त्यांना दाखवायला एक चांगलं पान द्या. सासऱ्यांना येणाऱ्या झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणतात ती कवनं, त्यांच्याच तोंडून ऐकून उतरवा, दुसऱ्या साइटवरून उचलू नका. नंदी कसा घडतो तेही लिहा : लाकूड कोणतं, शिंगं वेगळी करून बसवतात की अखंड, चाकं कशी, रंग कोणता. फोटो हातांचे हवेत, नुसत्या तयार बैलाचे नकोत. हे पान अक्षय्य तृतीयेच्या आत टाका. गुगलला पान सापडायला आणि लोकांना ते आवडायला वेळ लागतो; श्रावणात जागं होऊन उपयोग नाही.

दोन किरकोळ गोष्टी. व्हॉट्सॲपवर कितीही फिरवलं तरी गुगल ते मोजत नाही. इन्स्टाग्राम-फेसबुकच्या लिंकांवर ‘ही मोजू नका’ असं गुगलला सांगणारी ‘नोफॉलो’ची खूण असते, म्हणून त्यांचंही वजन धरू नका, गिऱ्हाईक मात्र तिथूनच येईल, तेव्हा ते बंद करू नका. आणि गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद केली नसेल तर हे सगळं सोडून आज ती करा. ती फुकट आहे, आणि गावातलं गिऱ्हाईक आधी नकाशाच बघतं.

प्रश्न : माझी काटोलजवळ संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. ठिबकवाला मित्र म्हणतो, तू माझी लिंक दे, मी तुझी देतो. चालेल का?
– एक नर्सरीवाले

उत्तर : चालेल. कलमं नेणाऱ्याला ठिबक लागतंच, त्यात खोटं काही नाही. उद्या त्याच हिशोबाने मोबाइल दुकान, लॉन आणि ब्यूटी पार्लरवाले रांगेत उभे राहिले तर हात जोडा. त्याने पैसे मागितले तर ती जाहिरात झाली. मग लिंकेवर ‘स्पॉन्सर्ड’ची खूण घालायला सांगा. गुगलने ती २०१९पासून दिली आहे.

प्रश्न : आमच्या शिकवणी वर्गाच्या साइटला परदेशी जुगाराच्या साइटींवरून शेकडो लिंका आल्यात. गुगल साइटमालकांना देतं त्या सर्च कन्सोलमध्ये दिसतात. झोप उडाली आहे.
– एक शिक्षक, धंतोली

उत्तर : त्या तुम्ही विकत घेतल्या नाहीत ना? सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल ॲक्शन’चं, म्हणजे माणसाकरवी तपासून दिलेल्या शिक्षेचं, पान उघडा. तिथे काही नसेल तर झोपा.