खूण काढून ठेव

“मॅडम, सोळा महिन्यांत सगळं पुसलं गेलंय. आता या वयात पहिल्यापासून कसं करू?”

खंड पडून मेडिकलला परतलेली मुलं थोड्याफार फरकाने मला हेच विचारतात. ‘या वयात’ म्हणजे तेवीस. हसू येतं, पण दाखवत नाही. बरोबरीची मुलं वॉर्डात पेशंट बघत असताना आपण ज्युनिअरांच्या बाकावर बसलो, की तेवीसही फार वाटतात.

ही मुलगी (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) आईच्या आजारपणात घरी थांबली होती. आई गेली, आणि दोन महिन्यांत ही कॉलेजात हजर. येताना वेळापत्रक घेऊन आली होती, रोज १४ तासांचं, चार रंगांत आखलेलं. तिसऱ्याच दिवशी ते कोलमडलं होतं. “चार-चार तास बसते, पान उलटतच नाही.”

मी आधी झोपेचं विचारते. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, तर पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञ; अभ्यासाचं मागाहून. हिची झोप उडाली नव्हती, अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून तिनेच ती पाच तासांवर आणली होती. शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते हे मी डॉक्टर होऊ घातलेल्या मुलीला सांगायचं, म्हणजे गंमतच.

मग कोरा कागद पुढे केला. “ब्रॅकियल प्लेक्सस काढ, पुस्तक न बघता.” मला त्यातलं काही कळत नाही, पण मज्जातंतूंचा हा गुंता घोकून मुलं जेरीस येतात एवढं इतक्या वर्षांत ऐकलंय.

“नाही येणार,” म्हणत तिने पेन्सिल उचलली. सी-५ ते टी-१, मणक्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या पाच रेषा सरसर उतरल्या. पाचांचे तीन ट्रंक, म्हणजे खोडं झाली, प्रत्येकाला दोन-दोन फाटे. फाटे पुन्हा जुळतात त्या कॉर्ड्सपाशी हात अडला. काढलं, खोडलं, परत काढलं. तेवढ्या जागी कागद काळपट झाला.

“पुसलं कुठे गेलंय? एका जागी अडलंय. तेवढंच बघ आणि परवा पुन्हा कोऱ्या कागदावर काढ.”

परवा पूर्ण आकृती आली. पहिल्या वर्षी तीन रात्री लागल्या होत्या, आता पाऊण तास, असं तीच म्हणाली. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली नेमकं हेच मांडलं होतं. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, काही काळ जाऊ द्यायचा, पुन्हा पाठ करायचे आणि दुसऱ्या वेळी किती कमी वेळ लागला ते मोजायचं. सगळे प्रयोग स्वतःवरच. विसरण्याचा त्याचा उतरता आलेख सगळ्यांना ठाऊक असतो. ही शिल्लक मात्र कुणी सांगत नाही.

तरी माझं कोडं सुटलं नव्हतं. स्मरणशक्ती शाबूत, मग चार तास जातात कुठे? तिसऱ्या भेटीत तिच्या मांडीवर फिजिऑलॉजीचं जाडजूड पुस्तक होतं. मधोमध खूण, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची घडी केलेली. “कुठला धडा?”

“मूत्रपिंड. सोडलं तिथूनच सुरू केलंय.”

आईची मूत्रपिंडंच निकामी झाली होती. तो धडा तिने डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून अर्धा वाचला होता. पहिल्याच दिवशी ‘कुठून सुरुवात केलीस?’ एवढं विचारायला हवं होतं मी. राहिलं.

“खूण काढून ठेव. श्वसनसंस्थेपासून लाग.”

वेळापत्रक फाडलं. रोज पाच तास, तेही तुकड्यांत. दर आठवड्याला थोडे वाढवायचे आणि दिवसाच्या शेवटी एक कोरा कागद. पुढचे दोन महिने सांगण्यासारखं फार नाही. काही दिवस चांगले गेले, काही वाया.

मग एके दिवशी ती आली आणि बसता बसताच म्हणाली, “केला तो धडा. मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर गाळतात, मॅडम. जवळजवळ सगळं परत शोषलं जातं, बाहेर पडतं ते दीडेक लिटर.”

मी गप्प राहिले.

“आईला अर्धा पेलाही होत नसे. मोजून वहीत मीच लिहायचे.”

तिने डोळे पुसले, घड्याळ बघितलं. साडेतीनला प्रॅक्टिकल होतं.