तोल जातो, चालणं लांबलंय : पालकांच्या प्रश्नांना उत्तरं

मूल चालायला लागण्याच्या वयातले प्रश्न या वेळी एकदम बरेच आले. बहुतेकांत 'सीपी' म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा उल्लेख आहे. मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे किंवा त्यातल्या दोषामुळे हालचाली आणि तोल बिघडतो, त्याला हे नाव आहे. कुणाला डॉक्टरांनी सांगितलेला, कुणी मोबाइलवर वाचलेला. नावं न देता त्यातल्या काहींना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : माझी मुलगी २० महिन्यांची आहे. बोट धरून चालते, पण सोडलं की दोन-तीन पावलांत पडते. पाय फाकवून उभी राहते. चमचा घ्यायला हात पुढे केला की हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, 'सीपी असू शकेल, एमआरआय करून घ्या.' सासूबाई म्हणतात, आमच्याकडे सगळेच उशिरा चालले. कुणाचं ऐकू? (सांगली)

उत्तर : काही घरांत मुलं उशिरा चालतात, हे खरं आहे. पण त्यालाही मर्यादा असते. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात आधाराशिवाय चालू लागण्याचं वय साधारण ८ ते साडेसतरा महिने असं आढळलं. म्हणून दीड वर्ष उलटूनही मूल एकटं चालत नसेल, तर तपासणी व्हायलाच हवी. तुमच्या मुलीच्या बाबतीत मला वयापेक्षा दुसऱ्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात : फाकवलेले पाय आणि वस्तूजवळ जाताना थरथरणारा हात.

आम्ही तपासताना मुलासमोर एखादी बांगडी धरतो आणि ती घ्यायला हात कसा येतो ते बघतो. हात मांडीवर असताना शांत, पण बांगडी जवळ येईल तशी थरथर वाढत गेली, तर संशय लहान मेंदूवर जातो. तोल आणि हालचालींमधला नेमकेपणा हे त्याचं काम. सीपीमध्ये हा प्रकार सर्वांत कमी दिसतो, शंभरात जेमतेम पाच मुलांमध्ये. सुमारे ८० टक्के मुलांमध्ये स्नायू ताठर असतात. त्यामुळे तोल जाणाऱ्या मुलाला सीपी म्हणण्याआधी बाकीच्या शक्यता नीट तपासल्या गेल्या पाहिजेत, यावर मी ठाम आहे. सीपीसारखे दिसणारे काही आजार औषधानं सुधारतात आणि तिथे उशीर फार महागात पडतो.

आपल्याकडे त्यात पहिल्यांदा बघायचं ते बी-१२ जीवनसत्त्व. आई पूर्ण शाकाहारी, दूधदुभतंही बेताचं, बाळ सहा महिन्यांनंतरही मुख्यतः अंगावरच्या दुधावर आणि वरचा आहार नावापुरता, अशा बाळांमध्ये बी-१२ ची कमतरता सर्रास सापडते. बाळ सुस्त होतं, हसणं कमी होतं, केस विरळ आणि भुरे होतात, बोटांची पेरं काळवंडतात, आलेल्या गोष्टी मागे जातात आणि हातपाय थरथरू लागतात. इंजेक्शनं सुरू झाली की काही दिवसांत मूल टवटवीत दिसायला लागतं. म्हणून रक्ताच्या तपासणीत बी-१२ आणि थायरॉइड असायलाच हवेत. थायरॉइड जन्मतःच तपासण्याची पद्धत आपल्याकडे अजून सगळीकडे नाही. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी तोल बिघडतो, त्यामुळे कान आणि डोळेही तपासून घ्या.

एमआरआय जरूर करा. या वयात त्यासाठी गुंगीचं औषध द्यावं लागतं, म्हणून भूलतज्ज्ञ हजर असतील अशाच ठिकाणी करा. एक ध्यानात ठेवा : रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. सीपी असलेल्या दहा-पंधरा टक्के मुलांचा एमआरआय नॉर्मल येतो. अशा वेळी जनुकीय आणि चयापचयाच्या तपासण्यांचा विचार करावा लागतो.

आणखी एक काम घरीच करता येईल. सहा महिन्यांपूर्वीचे तिचे व्हिडिओ शोधा आणि आजचा एक व्हिडिओ काढा : अनवाणी, गुडघे दिसतील असे कपडे, समोरून आणि मागून. सीपीतली मेंदूची इजा वाढत नाही. मूल हळूहळू का होईना, पुढे सरकतं. जुन्या व्हिडिओत ती आजच्यापेक्षा स्थिर दिसत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. फिजिओथेरपी मात्र याच आठवड्यात सुरू करा. थेरपी सुरू करायला निदानाच्या नावाची गरज नसते.

प्रश्न : आमचा मुलगा ३० आठवड्यांचा जन्मला, महिनाभर काचेच्या पेटीत होता. आता १६ महिन्यांचा आहे. धरून उभा राहतो, पण चवड्यांवर, आणि पाय एकमेकांवर येतात. चालायची सवय व्हावी म्हणून वॉकर आणला आहे. मुदतीआधी झालेल्या मुलांना उशीर होतोच ना? (नाशिक)

उत्तर : उशीर होतो आणि तो हिशेबात धरायचा असतो. मुलगा दहा आठवडे आधी आला, म्हणजे त्याचं वय साडेतेरा महिने धरा. दोन वर्षांचा होईपर्यंत हाच हिशेब ठेवायचा. साडेतेरा महिन्यांचं मूल चालत नाही, यात काळजीचं काही नाही.

पण पायांचा ताठरपणा अशा हिशेबानं कमी होत नाही. लंगोट बदलताना मांड्या बाजूला करायला जोर लावावा लागतो का? रांगताना दोन्ही पाय सशासारखे एकदम ओढतो का? पायाचा पंजा वर वळवताना अडतो का? उत्तरं 'हो' असतील तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत, पाण्याच्या पोकळ्यांलगतचा पांढरा भाग फार नाजूक असतो. पायांकडे जाणारे तंतू पोकळ्यांच्या सर्वांत जवळून जातात, म्हणून तिथे इजा झाली की हातांपेक्षा पाय जास्त अडकतात. डिस्चार्ज कार्डावर डोक्याच्या सोनोग्राफीची नोंद असेल, ते कार्ड सोबत न्या.

वॉकर आजच बंद करा. त्यात मूल बसल्या बसल्या चवड्यांनी जमीन रेटतं, म्हणजे नको त्याच सवयीचा दिवसभर सराव होतो. शिवाय वॉकरनं अपघात होतात. कॅनडानं २००४ पासून त्यावर बंदी घातली आहे. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा : तो मूल उभं राहून, अंगाचा भार पायांवर घेऊन ढकलतं. तुमच्या मुलाला तो कधी द्यायचा, हे फिजिओथेरपिस्टला विचारा. तेलमालिश खुशाल करा, मात्र पाय ओढून, दाबून 'मोकळे' करायला कुणाला देऊ नका.

ताठरपणा ठरला तर ताण देण्याचे व्यायाम, पंजा काटकोनात धरणारे स्प्लिंट आणि गरजेनुसार स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं असा क्रम असतो. इंजेक्शनचा परिणाम तीन-चार महिने टिकतो. त्या काळात व्यायाम झाले तरच त्याचा उपयोग. खुब्याचा एक्स-रे कधी काढायचा, हेही विचारून ठेवा. ताठर मांड्यांमुळे खुबा हळूहळू निखळत जातो आणि सुरुवातीला दुखत नसल्यानं कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : नातू दहा महिन्यांचा आहे. सगळं डाव्या हातानं घेतो, उजव्या हाताची मूठ मिटलेलीच असते. घरात सगळे म्हणतात डावखुरा होणार. मला मात्र चैन पडत नाही. (सातारा)

उत्तर : आजी, तुमची शंका रास्त आहे. वर्षाच्या आत मूल दोन्ही हात सारखेच वापरतं. डावं-उजवं त्यानंतर ठरत जातं. दहाव्या महिन्यात एकच हात चालत असेल, तर दुसरा हात का मागे राहतो, हे बघावं लागतं. खुळखुळा त्याच्या उजव्या बाजूला धरा. तरीही तो डावा हात छातीवरून पलीकडे नेत असेल, तर थांबू नका, लगेच दाखवा. एका बाजूच्या सीपीत अशीच सुरुवात दिसते. या वयात, थेरपिस्टच्या देखरेखीखाली, दिवसातला थोडा वेळ चांगल्या हातावर मोजा चढवून मागे राहिलेल्या हाताला खेळायला लावतात. जितकं लवकर सुरू कराल तितकं बरं.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा. वर्षाचा असताना व्यवस्थित चालला. गेले दोन महिने सारखा पडतो, जिना चढायला घाबरतो. ओळखीच्या एका बाईंनी 'ही सीपीच' म्हणून सांगितलं. (ठाणे)

उत्तर : हे सीपीचं वागणं नाही. आलेलं चालणं बिघडतंय, तर कारण आत्ता शोधायला हवं. सकाळी उठल्यावर उलटी, डोकं दुखणं, मान तिरकी धरणं किंवा डोळा तिरळा होणं, यातलं काहीही असेल तर आजच मोठ्या रुग्णालयात जा. मेंदूच्या मागच्या भागातली गाठ अशी दिसू शकते. जमिनीवरून उठताना तो हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकवत स्वतःला वर चढवत असेल आणि पोटऱ्या फुगीर वाटत असतील, तर स्नायूंच्या आजारासाठी रक्तातली सीपीके तपासणी लागते. ती सोपी आणि स्वस्त आहे. सकाळी बरा आणि संध्याकाळपर्यंत पाय वाकडे, असा फरक पडत असेल तर तोही सांगा. डोपा नावाच्या औषधाच्या लहान मात्रेनं सुधारणारा एक दुर्मीळ आजार असा असतो आणि त्याला वर्षानुवर्षं सीपी समजलं गेल्याची उदाहरणं आहेत.

कांजिण्यांसारख्या आजारानंतर एक-दोन आठवड्यांत एकाएकी तोल गेला, तर तो बहुतेक मुलांमध्ये आपोआप सावरतो. पण हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. घरात कुणी फिट्सची किंवा झोपेची औषधं घेत असेल, तर मुलानं ती गिळली नाहीत ना, हेही बघा.

प्रश्न : बाळंतपण लांबलं, बाळ लगेच रडलं नाही. आता सीपी सांगितलं आहे. घरचे म्हणतात, तू ग्रहणात बाहेर पडलीस, भाजी चिरलीस, त्यामुळे झालं. (अकोला)

उत्तर : ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे उत्तर घरच्यांना वाचायला द्या. सीपीची कारणं ठरलेली आहेत : मुदतीआधी जन्म, जन्माच्या वेळी मेंदूला रक्त किंवा प्राणवायू कमी पडणं, वेळेत उपचार न मिळालेली तीव्र कावीळ, मेंदूज्वर, गरोदरपणातले काही संसर्ग, मेंदूच्या घडणीतला किंवा जनुकांतला दोष. अनेक मुलांत यातली दोन-तीन एकत्र असतात. भाजी चिरल्यानं यातलं काहीच होत नाही. बाळाच्या आईला रात्रंदिवस बोल लावणाऱ्या घरात थेरपीही धड होत नाही, कारण ती करणारे हात बहुधा तिचेच असतात. बाळाची श्रवण तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

प्रश्न : एका केंद्रात स्टेम सेलनं (मूळ पेशींच्या उपचारानं) मूल चालेल असं सांगितलं. खर्च काही लाख. शेत विकायची तयारी आहे. (लातूर)

उत्तर : कृपा करून शेत विकू नका. सीपीसाठी स्टेम सेल हा आपल्या देशात मान्य झालेला उपचार नाही. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांखेरीज इतरत्र तो फक्त मंजूर झालेल्या संशोधन-चाचणीत देता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. जिथे पैसे मागतात, तिथून परत फिरा. मूल चालेल का, याचा अंदाज बांधायची एक जुनी, भरवशाची खूण आहे : दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसलं, तर चालण्याची शक्यता चांगली. तोवर बसलं नाही तरी आशा संपत नाही. चार वर्षांपर्यंतही बसता आलं नाही, तर चाकाची खुर्ची, संवादाची साधनं आणि शाळा यांची तयारी मनापासून करावी. तुमचा पैसा तिथे कामी येईल.

प्रश्न : आम्ही वाडीवर राहतो. थेरपीचं ठिकाण ६० किलोमीटर दूर. रोज जाणं शक्य नाही. (गडहिंग्लज तालुका)

उत्तर : रोज जायची गरज नाही. महिन्यातून एक-दोनदा जा. तिथे थेरपिस्टनं करून दाखवलेलं तुम्ही स्वतः त्यांच्यासमोर करा आणि त्यांना तुमचा व्हिडिओ काढायला सांगा; घरी तोच बघून करायचं. सगळं रोजच्या कामात बसवा : आंघोळीच्या वेळी पाटावर टेकू न देता बसवणं, जेवताना पाय जमिनीला पूर्ण टेकतील एवढ्याच उंचीचं स्टूल, ओट्याला धरून उभं राहून शेंगा निवडायला घेणं (दाणे तोंडात जाणार नाहीत, इकडे लक्ष ठेवून). पाच-पाच मिनिटं दिवसातून अनेकदा, हे एकदाच तासभर रडवण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. सेविकाताईंकडे नाव देऊन ठेवा. त्यांच्याकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं, तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सीपीचा समावेश आहे, म्हणून यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करा. प्रवासातल्या सवलतींसारख्या गोष्टींना ते लागतं. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळू शकतो आणि त्यात थेरपीही येते. अर्जाला लागणारी कागदपत्रं, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट आणि बाळाचे तारखेसह व्हिडिओ यांची एकच फाइल करा आणि प्रत्येक भेटीला ती बरोबर असू द्या.