वाचकांचे प्रश्न : जिभेवर की हातावर, आणि आज्ञा कुठवर?

प्रश्न : माझे माहेर वसईचे, सासर इंदूरचे. आमच्या धर्मग्रामात रविवारची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) हिंदीत होते. कोरोनाच्या काळात कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) हातावर देण्याची पद्धत सुरू झाली, ती साथ ओसरल्यावरही तशीच राहिली. गेल्या महिन्यात माझ्या ८२ वर्षांच्या सासूबाई वेदीपुढे गुडघे टेकून बसल्या, तेव्हा फादरांनी त्यांना उठून हात पुढे करायला सांगितले. त्या कम्युनियन न घेताच जागेवर परतल्या. माझा मुलगा यावरून फार चिडला आहे. १९६९ ची नवी मिस्साच मुळात चुकीची, असे तो म्हणतो, आणि तिला विरोध करणाऱ्या आर्चबिशप लफेव्र यांच्या संस्थेच्या लॅटिन मिस्सेला जाण्याचे त्याच्या मनात आहे. सासूबाई मात्र म्हणतात की फादरांचा शब्द मोडायचा नाही. यांपैकी कोणाचे बरोबर? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचे पाहू. त्यांनी कोणताही नियम मोडलेला नाही. मे १९६९ मध्ये पोप सहावे पॉल यांच्या संमतीने रोमहून जी सूचना निघाली, तिने कम्युनियन जिभेवर देण्याची रीत कायम ठेवली आणि जिथले बिशप मागणी करतील व रोम ती मान्य करील, तिथेच हातावर देण्याची मोकळीक दिली. म्हणजे नियम जिभेचा आणि सवलत हाताची आहे. व्यवहारात मात्र ते पुष्कळ ठिकाणी उलटे होऊन बसले आहे. २००४ साली रोमच्या उपासनाविषयक विभागाने याहून स्पष्ट सांगितले की जिभेवर स्वीकारण्याचा हक्क प्रत्येक भाविकाला नेहमीच आहे, आणि कोणी गुडघे टेकले किंवा उभे राहिले एवढ्याच कारणावरून त्याला कम्युनियन नाकारता येत नाही.

जुन्या पिढीला वेदीपुढचा लाकडी कठडा आठवत असेल : त्यावर अंथरलेले पांढरे कापड, रांगेने गुडघे टेकलेली माणसे आणि प्रत्येकाच्या हनुवटीखाली लांब दांड्याची पितळी तबकडी धरून फादरांबरोबर सरकणारा वेदीसेवक. मी स्वतः तो वेदीसेवक होतो, आणि तबकडीची कड कुणाच्या गळ्याला लागते की काय, याचीच मला प्रार्थनेपेक्षा जास्त धास्ती असे. त्या दृश्याची ओढ मी समजू शकतो. तरीही हातावर घेणारे कमी श्रद्धाळू ठरत नाहीत. चौथ्या शतकात जेरुसलेमचे संत सिरिल नवदीक्षितांना शिकवीत की उजव्या हाताखाली डावा हात सिंहासनासारखा धरावा आणि त्या तळव्यावर प्रभूचे शरीर स्वीकारावे. जिला आपण नवी म्हणतो, ती रीत या हिशेबाने कठड्याहून कितीतरी जुनी आहे.

आता फादरांच्या शब्दाविषयी. चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्याचे २१२ वे कलम दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी सांगते : भाविकांनी आपल्या धर्मगुरूंची आज्ञा पाळावी, आणि चर्चच्या हिताच्या बाबतीत आपले मत त्यांना आदराने कळवण्याचा भाविकांना हक्क आहे, प्रसंगी ते त्यांचे कर्तव्यही आहे. तेव्हा सासूबाईंना घेऊन, मिस्सेनंतरच्या घाईत नव्हे तर आठवड्यात एखाद्या संध्याकाळी, फादरांना भेटा. बहुतेक वेळा एवढ्याने काम भागते, कारण बऱ्याच जणांना २००४ ची सूचना ठाऊकच नसते. न भागल्यास बिशपांना एक पानाचे पत्र लिहा : तारीख, काय घडले, काय बोलले गेले, खाली सही. विशेषणे गाळा. सही नसलेले पत्र लिहिण्यापेक्षा न लिहिलेले बरे.

मुलाचा प्रश्न अवघड आहे, आणि त्याला नुसते गप्प बसवणे योग्य होणार नाही. त्याची लॅटिनची आवड दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेच्या, विरुद्ध नाही. तिच्या डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजातच लॅटिन जपावी आणि ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान द्यावे, असे लिहिले आहे. १९६९ ची नवी मिस्साही लॅटिनमध्ये करता येते. पण ‘नवी मिस्साच चुकीची’ हे वाक्य त्याने टाकून द्यावे. तो ज्या पोप पाचव्या पायस यांच्या १५७० च्या मिस्सलचा (मिस्सेच्या ग्रंथाचा) आधार घेत असेल, त्या पायस यांनीच दोनशे वर्षांहून जुन्या इतर विधींना हात लावला नव्हता. म्हणून मिलानचा अँब्रोसियन विधी आजही चालतो. एकच एक विधी म्हणजे परंपरा, असे परंपरेनेही कधी मानलेले नाही.

लफेव्र यांनी १९७० मध्ये संस्था काढली आणि ३० जून १९८८ रोजी पोपांच्या परवानगीविना चार बिशपांना दीक्षा दिली. त्या चौघांवरील बहिष्कार २००९ मध्ये उठला, आणि पुढे पोप फ्रान्सिस यांनी या संस्थेच्या धर्मगुरूंना पापनिवेदन ऐकण्याचा अधिकारही दिला. तरी संस्थेला चर्चमध्ये रीतसर स्थान मिळालेले नाही. जुन्या लॅटिन मिस्सेवर २०२१ मध्ये फ्रान्सिस यांनी घातलेले निर्बंध मलाही कडक वाटले. तसे म्हणण्याने कोणी अवज्ञाकारी होत नाही. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला होता, सिएनाच्या संत कॅथरीनने पोप अकराव्या ग्रेगरींना अविन्योन सोडून रोमला परतण्याविषयी खडसावून लिहिले होते. पण दोघांपैकी कोणीही आपली वेगळी वेदी मांडली नाही.

शिवाय अवज्ञा ही परंपरावाद्यांचीच मिरासदारी नाही, हेही मुलाला सांगा. केरळच्या सिरो-मलबार चर्चने २०२१ मध्ये मिस्सेच्या मधल्या भागात धर्मगुरूने वेदीकडे तोंड करावे असे ठरवले, तेव्हा एर्नाकुळममध्ये लोकांकडे तोंड करून मिस्सा करणाऱ्यांनी ते मानले नाही. गेल्या अर्धशतकाची रीत हीच आमची परंपरा, असे त्यांचे म्हणणे होते. वाद इतका पेटला की २०२२ च्या अखेरीस तेथील बॅसिलिका बंद करावी लागली. पाठ कोणत्या दिशेला, यावरून कुलूप.

प्रश्न : आमच्या मिस्सेत सणाला आरती ओवाळतात. हे धर्मात बसते का? (एक वाचक, वडोदरा)

उत्तर : बसते. भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा मुद्द्यांना रोमने एप्रिल १९६९ मध्ये मान्यता दिली, त्यांत फुले, धूप आणि दिवा यांच्या आरतीचा उल्लेख आहे. ते कुठे, किती अमलात आणायचे हे मात्र बिशपांवर सोपवलेले आहे. चपला बाहेर काढण्याचा मुद्दाही त्याच बारांतला आहे. त्याबद्दल आजवर मला एकही पत्र आलेले नाही.